नाला बंद केला तरी तलाव हिरवाच का? गाळातला फॉस्फरस आणि तुरटीचा हिशेब

सोलापुरात शहरातल्या एखाद्या तलावाचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. सांडपाणी अडवा, जलपर्णी काढा, निर्माल्य टाकू देऊ नका. तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण कधी कधी तिन्ही केल्या जातात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पाणी परत पोपटी दिसायला लागतं. मग लोक म्हणतात, कुठूनतरी चोरून नाला सोडलाय. दरवेळी तसंच असतं असं नाही. वर्षानुवर्षं आलेल्या घाणीतला फॉस्फरस तळाच्या गाळात साठून बसलेला असतो आणि उन्हाळ्यात तोच वर येतो. हा साठा रसायनानं बांधून टाकता येतो. त्याची पद्धत, प्रमाणं, आणि ती कुठे फसते, ते इथे पाहू.

आधी फॉस्फरसच का, एवढं समजून घेऊ. शेवाळाला मुख्यतः कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. कार्बन हवेतून मिळतो. निळं-हिरवं शेवाळ म्हणतात त्यातल्या काही जाती नायट्रोजनही हवेतून ओढून घेतात. फॉस्फरसला हवेची वाट नाही. तो पाण्यातून नाहीतर गाळातूनच यावा लागतो. कॅनडात १९७३ साली एका तलावाचा निमुळता भाग प्लास्टिकच्या पडद्यानं अडवून त्याचे दोन तलाव केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्याच दोन गोष्टी अधिक फॉस्फरस. फॉस्फरसवाली बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला त्याचा फोटो आजही या विषयाच्या वर्गात पहिल्या दिवशी दाखवतात. हिशेबापुरतं लक्षात ठेवायचं ते असं, की १ ग्रॅम फॉस्फरसवर साधारण १०० ग्रॅम सुकं शेवाळ उभं राहतं. लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास तक्रारी सुरू होतात आणि ०.१ च्या वर तलाव हाताबाहेर गेला असं समजतात.

काळा गाळ काय सांगतो

तळाचा गाळ हातात घेऊन पाहा. वरून काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ, आणि सडक्या अंड्याचा वास. ताटलीत पसरून उघड्यावर ठेवला तर काही तासांत वरचा काळा रंग जाऊन तपकिरी-करडा होतो. सगळी गोष्ट या रंगबदलातच आहे.

हवा असेल तिथे लोखंड गंजाच्या रूपात असतं, आणि गंजाला फॉस्फेट घट्ट चिकटतं. पाण्याच्या तळाशी प्राणवायू असेपर्यंत गाळाच्या पृष्ठभागावर गंजाची ही पातळ चादर असते आणि ती फॉस्फरसला वर येऊ देत नाही. प्राणवायू संपला की जिवाणू गंजाचं विरघळणारं लोखंड करतात, चादर विरते आणि फॉस्फेट मोकळं होतं. मॉर्टिमर या इंग्लिश शास्त्रज्ञानं १९४१-४२ मध्ये हे मांडलं. शिवाय पाण्यात सल्फेट असेल तर जिवाणू त्याचं सल्फाइड करतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. हे सल्फाइड लोखंडाला धरून काळं संयुग बनवतं, आणि मग ते लोखंड फॉस्फरसच्या कामाचं राहत नाही. आपल्या काळ्या मातीत लोखंड भरपूर आहे, तरी तलावाचा गाळ फॉस्फरस सोडतो, तो यामुळे.

प्राणवायू संपतो कधी? रात्री, वारा पडल्यावर, पाणी तापल्यावर, आणि जलपर्णीनं पृष्ठभाग झाकल्यावर. सोलापुरात उन्हाळ्यात यातलं काही ना काही रोज घडतंच. अशा गाळातून दर चौरस मीटरला दिवसाला १० मिलिग्रॅम फॉस्फरस निघणं यात काही विशेष नाही. शंभर दिवसांत तो १ ग्रॅम होतो. अडीच मीटर खोल पाण्यात तो पसरला तर लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या धोक्याच्या रेषेच्या चौपट. नाला बंद असताना.

पन्नास पोती डीएपी

आता एक नमुना तलाव धरू. क्षेत्र १० हेक्टर, म्हणजे साधारण २५ एकर. सरासरी खोली २.५ मीटर. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, ते कुठल्या खऱ्या तलावाचे नाहीत.)

गाळाचा वरचा १० सेंटिमीटरचा थर मोजायचा. हा गाळ बहुतेक पाणीच असतो. एका चौरस मीटरखालच्या या थरात सुका माल साधारण १६-१७ किलो भरतो. त्यात किलोमागे ०.३ ग्रॅम ‘सुटणारा’ फॉस्फरस निघाला, तर चौरस मीटरला ५ ग्रॅम झाला. अख्ख्या तलावाचा ५०० किलो. डीएपी या खताच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस १० किलो असतो. म्हणजे तळाशी ५० पोती डीएपी पडलेलं आहे. त्याच वेळी पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम असला तरी सगळ्या पाण्यात मिळून ५० किलोच, म्हणजे पाच पोती. पाणी उपसून किंवा नुसतं पाणी साफ करून काय हाती लागतं ते यावरून कळेल.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा. एका माणसाच्या मलमूत्रातून आणि सांडपाण्यातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस जातो. हजार वस्तीचा नाला तलावात येत असेल तर वर्षाला सुमारे ५५० किलो. गाळात दहा-वीस वर्षांत साठलेला जेवढा सुटणारा माल आहे, तेवढा एक मध्यम गल्ली एका वर्षात नव्यानं आणून टाकते. म्हणून नाला चालू असताना गाळावर तुरटी टाकणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. आमचं मत स्पष्ट आहे. नाला पक्का वळवून एक पावसाळा गेल्याशिवाय रसायनावर एक रुपया घालू नये.

गाळ मोजायचा कसा

इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. प्रयोगशाळेला ‘एकूण फॉस्फरस’ काढायला सांगतात आणि त्यावर तुरटीचा डोस धरतात. एकूण फॉस्फरसमध्ये चुन्याला बांधलेला भागही येतो. आपल्या कठीण पाण्यात आणि चुनखडीच्या मातीत हा भाग मोठा असू शकतो, आणि तो तसाही वर येत नाही. त्यावर तुरटी कशाला खर्च करायची?

टप्प्याटप्प्यानं काढण्याची चाचणी मागायची. एकाच नमुन्यावर आधी अमोनियम क्लोराइड (सैल चिकटलेला), मग बायकार्बोनेट-डायथायोनाइट (लोखंडाला बांधलेला), मग कॉस्टिक सोडा (ॲल्युमिनियमला बांधलेला आणि सेंद्रिय), शेवटी हायड्रोक्लोरिक आम्ल (चुन्याचा). पहिले दोन आणि सेंद्रियातला कुजणारा भाग एवढाच ‘सुटणारा’.

नमुना घ्यायला ६-७ सेंटिमीटर व्यासाची, अर्धा मीटर लांब पारदर्शक ॲक्रिलिकची नळी पुरते. होडीतून सरळ खाली दाबायची, वरून रबरी बूच घट्ट लावायचं, ओढून पाण्याबाहेर यायच्या आत खालूनही बूच. दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या कापून पिशवीतली हवा काढून बर्फाच्या पेटीत. गाळ उन्हात वाळवून पाठवू नका. वाळताना लोखंड गंजतं आणि आकडे भलतेच येतात. १० हेक्टरला निदान सहा-आठ जागा घ्या. बांधाजवळच्या खोल भागातला गाळ आणि नाल्याच्या तोंडाचा गाळ यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

तुरटी किती

लोखंडाचा दोष हा, की प्राणवायू गेला की ते सोडून देतं. ॲल्युमिनियम तसं करत नाही. म्हणून जगभर तुरटी वापरतात. गाळातला फॉस्फरस बांधायला ती तलावात पहिल्यांदा टाकली ती स्वीडनमध्ये, १९६८ साली. पाण्यात पडली की तिचे पांढरे कापसासारखे पुंजके होतात, ते फॉस्फेट आणि शेवाळ गोळा करत खाली बसतात आणि पुढे गाळातून निघणारा फॉस्फरसही धरून ठेवतात.

दाढीनंतर लावतात ती तुरटी पोटॅशवाली, तिच्यात ॲल्युमिनियम पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. जलशुद्धीकरण केंद्रावर लाद्यांत येते ती ॲल्युमिनियम सल्फेट, तिच्यात सुमारे ९ टक्के. आपल्याला ही दुसरी हवी.

१ ग्रॅम सुटणाऱ्या फॉस्फरसला साधारण १० ग्रॅम ॲल्युमिनियम धरतात. नमुना तलावात चौरस मीटरला ५ ग्रॅम फॉस्फरस, म्हणजे ५० ग्रॅम ॲल्युमिनियम, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम तुरटी. पूर्ण तलावाला ५५ टन.

पण तुरटी आम्लधर्मी आहे. ती पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाते. १ मिलिग्रॅम ॲल्युमिनियमला सुमारे ५.५ मिलिग्रॅम. २.५ मीटर पाण्यात हा डोस लिटरमागे २० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम होतो, तो ११० अल्कलिनिटी खाणार. पाण्यात २०० असेल तर ९० उरते, चालेल. आता हेच ५५ टन मे महिन्यात टाकले, पाणी सव्वा मीटर उरलेलं असताना, तर २२० खाल्ली जाईल. पाणी आटताना अल्कलिनिटी थोडी वाढते, पण चुना तळाशी बसत राहतो म्हणून ती दुप्पट होत नाही. ताकद संपली की पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), ६ च्या खाली घसरतो, ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात येतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं, आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच. डोस तोच, तलाव तोच, फक्त महिना चुकला.

उलट्या बाजूनंही फसतं. हिरव्यागार पाण्यात दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच साडेनऊपर्यंत चढतो. ९ च्या वर ॲल्युमिनियम पुन्हा विरघळतं आणि काहीच धरत नाही. तुरटी गेली, पैसे गेले.

म्हणून हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. तलाव भरलेला, पाणी थंड, शेवाळ कमी, नवं पाणी यायचं थांबलेलं. वेळ सकाळी उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत. सिद्धेश्वर तलावासारख्या ठिकाणी काम करायचं झालं तर संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या गर्दीआधी ते आटपलेलं बरं.

आणि ५५ टन एकदम टाकायचे नाहीत. टाकल्यावर ज्या पुंजक्यांना फॉस्फरस भेटला नाही ते काही महिन्यांत स्फटिकासारखे होत जातात आणि त्यांची पकड कमी होते. तीन हिवाळ्यांत तीन हप्ते केले तर तेवढ्याच तुरटीत जास्त फॉस्फरस बांधला जातो, आणि दर हप्त्याला अल्कलिनिटी ३७ च्या आसपासच खर्च होते.

बरणीतली चाचणी आणि प्रत्यक्ष दिवस

पूर्ण तलावावर जायच्या आधी काचेच्या बरण्यांत करून बघायचं. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी आली. पाच बरण्यांत तलावाचं एकेक लिटर पाणी घ्या आणि त्यांत ५, ११, १६, २२, २८ मिलिलिटर घाला. चौथी बरणी म्हणजे आपला पूर्ण डोस. एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा मिनिटं हळू, अर्धा तास ठेवून द्या. पीएच दोनदा घ्या, पाच मिनिटांनी आणि तासानं. तुरटी पडल्यावर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीएच आधी जास्त घसरतो. बरणीतून तो वायू पटकन उडतो, तलावातून सावकाश. म्हणून दोन्हींपैकी कमी आकडा खरा धरायचा. ६.५ च्या खाली गेला तर डोस कमी करा, किंवा सोबत सोडियम ॲल्युमिनेट वापरा. ते अल्कधर्मी असल्यामुळे तुरटीचं आम्ल सावरतं. त्याचं प्रमाण मात्र बरणीत ठरवल्याशिवाय तलावात नेऊ नये. जास्त झालं तर पीएच वर उडतो आणि मासे तेव्हाही मरतात.

प्रत्यक्ष कामाला १० टक्क्यांचं द्रावण करतात. ते आम्लधर्मी असल्यानं साध्या लोखंडी टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह खातं. प्लास्टिकची टाकी आणि पीव्हीसी पाइपच घ्या. माणसांना चष्मा, हातमोजे, गमबूट. सबंध कामाला दहा हजार लिटरचे ५५ टँकर भरतील एवढं द्रावण लागतं, म्हणजे एका हिवाळ्याला अठरा-एकोणीस. ते कालवायची जागा काठावर आधी बघून ठेवा.

तलावावर दोऱ्या आणि तरंगते डबे लावून २० मीटर रुंदीचे पट्टे आखायचे. १०० मीटर लांबीच्या एका पट्ट्याला एका हप्त्यात ३७० किलो तुरटी, म्हणजे ३,७०० लिटर द्रावण. होडीच्या मागे भोकं पाडलेला आडवा पाइप पाण्याखाली हातभर ठेवून सारख्या वेगानं सोडायचं. होडी मध्येच थांबली तर पंप बंद. एका जागी ओतलेली तुरटी तिथे आम्लाचा डोह करते. एका दिवशी अर्ध्याहून जास्त तलाव करू नका, माशांना पळायला जागा हवी. वारा सुटला की काम थांबवा. पुंजके वाहत जाऊन एका कडेला गोळा होतात आणि अर्धा तळ कोरा राहतो. दर तासाला पीएच आणि अल्कलिनिटी. पीएच ६.३ वर आला किंवा अल्कलिनिटी ५० च्या खाली गेली की त्या दिवसाचं काम संपलं, ठेकेदार काहीही म्हणो. तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कल्पना, या गोष्टी होडी पाण्यात उतरायच्या आधीच्या.

जलपर्णी असताना हे करायचंच नाही. पुंजके मुळांत अडकतात, तळाला पोचत नाहीत. संभाजी तलावाची जलपर्णी सोलापूरकरांना नवी नाही. ती काढली तर काठावर ढीग लावून ठेवू नका. कुजून तिचा रस पावसाबरोबर परत तलावातच उतरतो.

मासेमारीच्या ठेक्याचंही आधी बोलून घ्या. सायप्रिनस आणि मृगळ तळ उकरून खातात. गाळावरची नवी चादर ते महिन्याभरात उलथीपालथी करतात. कटला, रोहू चालतात. चिलापीही खड्डे करून घरटी घालते, पण एकदा तलावात शिरलेली चिलापी काढणं कुणाला जमलेलं नाही, तेव्हा ती धरूनच चाला.

काम नीट झालं तर दोन दिवसांत पाणी नितळ होतं. मग आठ-दहा आठवड्यांनी नवी तक्रार येते, की तळाला गवत वाढलंय. ऊन तळापर्यंत पोचायला लागलं की हायड्रिलासारख्या पाणवनस्पती उगवतातच. हिरव्या रश्शापेक्षा त्या परवडल्या.

तुरटीशिवाय काय

तुरटीबरोबर सल्फेट येतं, आणि बंद तलावात पाणी आटेल तसं ते साठत जातं. हे नको असेल तर पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, जे पाणीपुरवठ्यावाले पीएसी म्हणून ओळखतात. भुकटीत ॲल्युमिनियम १६ टक्क्यांच्या आसपास असल्यानं ५५ टनांऐवजी ३१ टन पुरतं, आणि अल्कलिनिटीही कमी खातं.

लँथेनम मिसळलेली बेंटोनाइट माती ऑस्ट्रेलियात तयार झाली. १ किलो फॉस्फरसला १०० किलो माती, म्हणजे नमुना तलावाला ५० टन. ती पीएच पाडत नाही ही मोठी सोय. किंमत मात्र तुरटीच्या कितीतरी पट. स्वीडनमध्ये १९७५ साली गाळातच कॅल्शियम नायट्रेट टोचून पाहिलं होतं, जिवाणूंना प्राणवायूऐवजी नायट्रेट मिळावं म्हणून. पद्धत हुशारीची आहे, पण नाल्याच्या पाण्यानं आधीच नायट्रोजन वाढलेल्या तलावात आम्ही ती सुचवणार नाही.

आणि सोलापूरला एक उपाय असा आहे जो स्वीडनला नाही. आपले तलाव दुष्काळात कोरडे पडतात. तळ उघडा पडला असेल तर रसायन विसरा, जेसीबी लावा. वरचा अर्धा मीटर काढला की ५० पोत्यांपैकी बहुतेक गाडीत भरून गेली. शेतकरी असा गाळ आनंदानं नेतात. फक्त शहराच्या सांडपाण्याचा गाळ असेल तर शेतात पसरण्याआधी शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांची तपासणी करून घ्या. हिप्परग्यासारख्या शेतीच्या पाणलोटातल्या तलावाचा गाळ आणि शहरातल्या नाल्याचा गाळ यांना एकाच मापानं मोजू नये.

तुरटीचं काम टिकतं किती? तुरटी टाकलेल्या ११४ तलावांचा एकत्र अभ्यास २०१६ मध्ये आला. सरासरी ११ वर्षं. खोल, उन्हाळ्यात वर गरम आणि खाली थंड पाण्याचे थर पडणाऱ्या तलावांत २१, आणि उथळ, वाऱ्यानं सतत ढवळणाऱ्या तलावांत पावणेसहाच्या आत. अमेरिकेत सिॲटलच्या ग्रीन लेकमध्ये १९९१, २००४ आणि २०१६ अशी तीनदा तुरटी टाकावी लागली. आपले शहरी तलाव उथळ गटातले, तेव्हा पाच-सहा वर्षांचाच हिशेब धरून अंदाजपत्रक करा.

लक्ष ठेवायला महागडं यंत्र लागत नाही. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक पाडून गाठी मारलेली दोरी बांधा. दर पंधरा दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमारास, होडीच्या सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. एप्रिल-मे मधले आकडे दरवर्षी सारखेच राहिले तर चादर टिकून आहे. एखाद्या वर्षी अचानक निम्मे झाले, तर आधी नाल्याच्या तोंडाशी जाऊन बघा, आणि मगच गाळात नळी घाला.